नदी कशाने फुगली, गाल कशाने सुजला

श्रोतेहो, आजचा विषय फळ्यावर लागला तेव्हा काही जणांनी संयोजकांना विचारलं म्हणे, की तत्त्वज्ञान शिकवणारा माणूस घोड्याच्या सुजेवर काय बोलणार? शंका रास्त आहे. आम्ही पशुवैद्य नव्हे. आम्ही जन्मभर वर्गात अनुमान शिकवलं. पर्वतावर धूर आहे, म्हणून तिथे अग्नी आहे, हे उदाहरण इतक्या वेळा सांगितलं की शेवटी शेवटी पोरं धूर म्हणायच्या आधीच अग्नी म्हणायची. पण त्या उदाहरणात एक अडचण आहे. ते फार सोपं आहे. धुराला कारण एकच. आयुष्यात आपल्यासमोर येणारं कार्य बहुधा असं येतं की त्याची पाच-सात कारणं संभवतात, आणि त्यांतलं एक निवडण्यावर कुणाचं तरी पोट, कुणाचा तरी जीव अवलंबून असतो. घोड्याच्या तोंडावरची सूज हे तसं कार्य आहे. म्हणून ते घेतलं.

समजा, इथे उमरेडमध्येच एक घोडेवाला आहे. वरातीला घोडा देतो. त्याने तीन वर्षांचं एक शिंगरू विकत आणलंय, पुढच्या हंगामात त्याला सजवून काढायचं म्हणून. एके सकाळी त्याला दिसतं, की शिंगराचं तोंड सुजलंय. शेजारी जमतात. एक म्हणतो, विंचू-काटा चावला असेल. दुसरा म्हणतो, थंडी बाधली. तिसरा म्हणतो, डाग दे. चौथा मोबाईलवर काहीतरी वाचून दोन पावलं मागे सरकतो आणि म्हणतो, "हा तो माणसाले होणारा रोग तर नाही नं?" घोडेवाल्याला एवढंच हवंय, की सूज उतरावी. पण सूज उतरवणं आणि सुजेचं कारण कळणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पहिली कधीकधी दुसरीच्या आड येते, हे पुढे सांगू.

आता जरा नदीकडे जाऊ. गौतमाच्या न्यायसूत्रांत अनुमानाचे प्रकार सांगितले आहेत. त्यांतल्या एकात कार्यावरून कारण ओळखायचं असतं. त्याचं ठरलेलं उदाहरण म्हणजे फुगलेली नदी. नदी फुगलेली दिसली, की वरच्या अंगाला पाऊस झाला असं आपण म्हणतो. लगेच पुढे आक्षेप येतो, आणि आक्षेप घेणारा मोठा चतुर आहे. तो म्हणतो, नदी बांधानेही फुगते. खाली कुणी पाणी अडवलं तरी पातळी वाढतेच. मुंग्या अंडी घेऊन निघाल्या की पाऊस येणार असं तुम्ही म्हणता, पण वारूळ कुणी उकरलं तरी मुंग्या अंडी घेऊन निघतात. मोराचा आवाज आला म्हणजे मोर आहे असं तुम्ही म्हणता, पण एखादा माणूसही तसा आवाज काढू शकतो. मग तुमच्या अनुमानाचा भरवसा काय?

उमरेडच्या लोकांना हा आक्षेप समजावून सांगायची गरज नाही. भिवापूरवरून पवनीकडे गेलात की गोसीखुर्दचं धरण आहे. त्याची पायाभरणी १९८८ साली झाली. त्या धरणाचं पाणी मागे आंभोऱ्यापर्यंत तुंबतं. आंभोऱ्याला उभं राहून वैनगंगा फुगलेली दिसली, तर ती वर मध्य प्रदेशात पाऊस पडल्यामुळे फुगली की खाली दारं बंद केल्यामुळे, हे नुसत्या पातळीवरून सांगता येत नाही.

वात्स्यायनाने भाष्यात जे उत्तर दिलंय, त्यावर आमच्या मते सगळं निदानशास्त्र उभं आहे. तो म्हणतो, आम्ही नुसत्या फुगण्यावरून पाऊस ओळखतच नाही. पावसाने आलेल्या पुराला ओढ असते, फेस असतो, त्यातून पानं, फळं, लाकडं वाहत येतात. धरणाने चढलेलं पाणी संथ असतं. ‘फुगलेली नदी’ हा हेतू ढिला आहे. ‘वेगाने वाहणारी, फेसाळ, लाकडं घेऊन आलेली नदी’ हा हेतू घट्ट आहे. चूक अनुमानाची नव्हती. अर्धवट पाहून अनुमान करणाऱ्याची होती.

तर ‘तोंड सुजलंय’ हा ढिला हेतू. तो घट्ट कसा करायचा?

प्रथम काळ विचारायचा. सूज रात्रीतून आली, की आठवड्यात, की महिन्या-दोन महिन्यांत हळूहळू? घोडेवाला म्हणेल, आज सकाळी दिसली. ‘दिसली’ आणि ‘आली’ यांत फरक आहे. लग्नातला जुना फोटो असेल तर काढा, त्यात तोंड कसं आहे ते बघा. मग शिंगराच्या समोर, नाकाच्या रेषेत उभं राहायचं आणि दोन्ही बाजू ताडून पाहायच्या. सूज एकीकडे की दोन्हीकडे? मग हात लावायचा. गरम आहे का? दाबलं की दुखतं का? हाडासारखी टणक आहे, की बोट दाबल्यावर कणकेसारखा खळगा राहतो? दोन्ही नाकपुड्यांतून हवा सारखी येते का? एखादीला घाण वास येतो का? थर्मामीटर लावायचा. घोड्याचं नेहमीचं तापमान साधारण साडेसदतीस ते साडेअडतीस अंश सेल्सिअस असतं. यात यंत्र एकच, आणि ते शंभर-दोनशे रुपयांत मिळतं. मात्र नाकातून चिकट स्राव येत असेल तर उघड्या हाताने काही करायचं नाही. हातमोजे आणि तोंडाला कापड बांधल्याशिवाय जवळ जायचं नाही. कारण पुढे येईलच.

रात्रीतून आलेल्या सुजा आधी निकालात काढू. घोडं रात्रभर मान खाली घालून चरत राहिलं, तर कानाखालची लाळेची ग्रंथी फुगते. ठाणावर आणून नेहमीच्या उंचीवर चारा दिला की काही तासांत उतरते. म्होरकी घट्ट बसली असेल तर तिच्या खालचा भाग सुजतो, आणि म्होरकीचा वळ तिथेच साक्षीला असतो. गांधीलमाशी, मधमाशी हेही आलंच. यांतली गंभीर गोष्ट एकच, सर्पदंश. घोडं जिज्ञासू जनावर आहे, गवतात हललेल्या गोष्टीला ते नाक लावतं. घोणस नाकाला चावली की नाकपुड्या सुजून मिटत जातात, आणि घोडा तोंडाने श्वास घेऊ शकत नाही. तो फक्त नाकाने श्वास घेतो. तेव्हा भराभर वाढणारी सूज आणि घरघर असेल, तर तिथे न्यायशास्त्र बाजूला ठेवून डॉक्टरला फोन करायचा.

आता हळूहळू आलेल्या, टणक, न दुखणाऱ्या, दोन्ही बाजूंना सारख्या दिसणाऱ्या सुजेकडे येऊ. हा भाग आम्हांला सर्वांत मनोरंजक वाटतो.

तीन वर्षांचं शिंगरू म्हणजे दात बदलण्याच्या भरात असलेलं जनावर. अडीच वर्षांच्या सुमारास समोरचे मधले दोन दुधाचे दात पडून मोठे दात येतात, साडेतीनला त्यांच्या शेजारचे, साडेचारला कडेचे. बाजारात घोड्याचं तोंड उघडून वय सांगणारा दलाल हेच वाचत असतो. पण समोर हे चालू असताना आत दाढांचीही अदलाबदल चालू असते. पहिली बदलती दाढ अडीचच्या आसपास, दुसरी तीनला, तिसरी चारला. घोड्याची दाढ लांबलचक असते. तिचं मूळ खालच्या जबड्यात खोल गेलेलं असतं. वरची दुधाची दाढ टोपीसारखी बसून राहिली किंवा जागा अडचणीची असली, की वाढत्या दाढेचं मूळ जबड्याच्या खालच्या कडेवर हाडाचा उंचवटा उठवतं. हात फिरवलात तर जबड्याखाली ओळीने टेंगळं लागतात. ती गरम नसतात, सहसा दुखत नाहीत, ताप नसतो, खाणं-पिणं ठीक असतं. दाढा बाहेर आल्या की वर्षा-दोन वर्षांत ती आपोआप सपाट होत जातात. इथे औषध काहीच नाही, फार तर अडकलेली टोपी डॉक्टर काढतात. आणि नेमकी हीच टेंगळं आपल्याकडे तापलेल्या लोखंडाने डागली जातात! डागल्यावर सहा महिन्यांनी टेंगूळ गेलं, की डागाचा गुण आला. ते न डागताही गेलं असतं, हे सांगायला न डागलेलं दुसरं शिंगरू शेजारी बांधलेलं नसतं. वारूळ उकरलं म्हणून मुंग्या निघाल्या आणि आपण पावसाची वाट पाहत बसलो, असा हा प्रकार.

पण थांबा. टणक, न दुखणारी, दोन्ही बाजूंची, तरुण जनावरात आलेली सूज दुसऱ्याही एका कारणाने येते. तिचं कारण चाऱ्यात असतं. इंग्रजीत तिला ‘बिग हेड’ म्हणतात, म्हणजे डोकं मोठं होण्याचा रोग. ‘ब्रॅन डिसीज’ असंही जुनं नाव आहे, म्हणजे कोंड्याचा रोग. आपला सगळा पूर्व विदर्भ धानाचा. राईस मिलचा कोंडा स्वस्त, गव्हाचा चोकरही मिळतो. घोडेवाला प्रेमाने, घोडं भरावं म्हणून, कोंडा वाढवत नेतो. कोंड्यात फॉस्फरस भरपूर आणि कॅल्शियम अगदी थोडं. गव्हाच्या कोंड्यात फॉस्फरस कॅल्शियमच्या आठ-दहा पट असतं. घोड्याला हवं असतं उलट, कॅल्शियम निदान फॉस्फरसइतकं, आणि जास्त असलं तर उत्तम. जास्तीचं फॉस्फरस आतड्यात कॅल्शियम अडवून ठेवतं. रक्तात कॅल्शियम कमी पडलं की गळ्याजवळच्या छोट्या ग्रंथी हुकूम सोडतात, हाडांतून काढा. हाडांतून कॅल्शियम निघत जातं, त्याच्या जागी धाग्यांसारखा मऊ पेशीसमूह भरतो, आणि चेहऱ्याची हाडं फुगतात. बाहेरून डोकं भक्कम दिसतं आणि आत हाड पोकळ होत चाललेलं असतं. घोडेवाल्याला वाटतं, घोडं भरलं!

मग दाढेची टेंगळं आणि हे डोकं, दोघांत फरक कसा करायचा? वात्स्यायनाची लाकडं-फेस इथे शोधायची. दाढेचं टेंगूळ दाढेच्या मुळाशी, ठरावीक जागी, सुटं-सुटं असतं. कोंड्याची सूज डोळ्याखालून नाकाकडे जाणाऱ्या हाडावर पसरलेली असते, जबडाही जाड होतो. दाढेच्या टेंगळाचं घोडं पायाने ठीक असतं. कोंड्याचं घोडं आज या पायाने, उद्या त्या पायाने दबून चालतं, पावलं आखडती टाकतं. आणि शेवटचा साक्षीदार ठाणात नसून गोदामात असतो: पोत्यात काय आहे, रोज किती किलो घालता, सोबत हिरवा चारा, लसूणघास देता की नाही? निदान करायला तोंडापेक्षा दावणीत जास्त पाहावं लागतं, असा हा रोग आहे. वेळीच कळलं तर कोंडा बंद करून डॉक्टरांच्या सल्ल्याने कॅल्शियम दिलं की लंगडणं थांबतं. चेहरा मात्र पूर्ववत होईलच असं नाही.

एकाच बाजूची सूज आणि त्याच बाजूच्या नाकपुडीला कुजका वास असेल, तर दाढेच्या मुळाशी पू किंवा सायनसची पीडा बघायची. त्यात एक्स-रे लागतो. उमरेडहून नागपूर फार लांब नाही, आणि तिथलं पशुवैद्यकीय महाविद्यालय १९५८ पासून आहे.

आता ताप असलेल्या सुजेकडे. शिंगरू मलूल, ताप चाळीसच्या वर, नाकातून आधी पाणी मग पू, आणि जबड्याच्या दोन हाडांच्या मध्ये गरम, दुखरी गाठ. याला स्ट्रँगल्स म्हणतात. नावाचा अर्थच गळा आवळणं, कारण घशाच्या गाठी सुजून श्वास कोंडतो. स्ट्रेप्टोकॉकस इक्वी नावाच्या जंतूने होतो, पाच वर्षांखालच्या घोड्यांत अधिक, आणि झपाट्याने पसरतो. गाठ पिकते, फुटते, पू वाहून जातो, आणि बहुतेक घोडी बरी होतात. इथे घोडेवाल्याला विचारायचा प्रश्न असा: गेल्या दोन आठवड्यांत हे शिंगरू कुठल्या बाजारात, कुठल्या घोड्याजवळ बांधलं होतं? सारंगखेड्याच्या किंवा नांदेडकडच्या माळेगावच्या यात्रेतून आणलेलं असेल, तर ते सांगायला लाजू नये. शेकडो घोडी एका पाणवठ्यावर पाणी पितात, तिथून जंतू आणणं हा गुन्हा नाही.

आणि आता तो मोर. म्हणजे मोरासारखा आवाज काढणारा.

जबड्याखालची गाठ आणि नाकातून स्राव हेच दोन्ही ग्लँडर्समध्येही असतं. हा बर्खोल्डेरिया मॅलिआय या जंतूचा रोग. घोडा, गाढव, खेचर यांना होतो, आणि माणसालाही होतो, उपचार न झाल्यास जीवही जातो. लस नाही. स्ट्रँगल्सची गाठ गरम, दुखरी, पिकून फुटणारी. ग्लँडर्सची गाठ बहुधा टणक, न दुखणारी, खाली चिकटून बसलेली, आणि ती सहसा फुटत नाही. नाकातला स्राव चिकट, पुष्कळदा एका बाजूचा. नाकाच्या पडद्यावर व्रण, आणि व्रण भरल्यावर चांदणीसारखी खूण. कातडीखाली दोरीला मणी ओवावेत तशा गाठी. घोड्यात हा रोग महिनोन्‌महिने दबा धरून राहू शकतो, गाढवात आणि खेचरात तो झटकन मारतो.

हे सगळं लांबचं आहे असं समजू नका. देशात बरीच वर्षं फारसा न दिसलेला ग्लँडर्स २००६ साली आपल्याच महाराष्ट्रात, पुणे आणि पाचगणी भागात, पुन्हा सापडला, आणि पुढच्या काळात उत्तर प्रदेश, उत्तराखंड, पंजाब अशा राज्यांत आढळला. इंग्रजांनी यावर १८९९ साली स्वतंत्र कायदाच केला होता. तो रद्द होऊन आता जनावरांच्या संसर्गजन्य रोगांचा २००९ चा कायदा लागू आहे. रोग पक्का ठरला तर त्या जनावराला मारून पुरावं लागतं. तेव्हा घोडेवाल्याच्या ठाणात उभं राहून ‘हा ग्लँडर्स आहे’ म्हणणं हे शिक्षा सुनावणं आहे. आणि ‘नाही’ म्हणणं म्हणजे त्याच्या नाक पुसणाऱ्या मुलाला धोक्यात घालणं. दोन्हीकडे चूक महाग आहे.

म्हणून इथे एका पुराव्यावर निकाल देत नाहीत. रक्ताचा नमुना हरियाणातल्या हिस्सारच्या राष्ट्रीय अश्व संशोधन केंद्राकडे जातो. आधी एलायझा नावाची चाळणी-चाचणी, आणि तिच्यात सापडलं तर दुसऱ्या पद्धतीने खात्री. दोनदा का? एक हिशेब मांडू, आकडे आमचे, नुसते समजण्यासाठी. समजा हजार घोड्यांत एकाला रोग आहे आणि चाचणी शंभरात नव्याण्णव वेळा बरोबर सांगते. तो एक बहुधा सापडेल. पण उरलेल्या नऊशे नव्याण्णवांतले सुमारे दहा निरोगी घोडेही ‘रोगी’ म्हणून निघतील. म्हणजे ‘रोगी’ ठरलेल्या अकरांत खरा रोगी एक. नव्याण्णव टक्के खरी चाचणी, आणि तिचा ‘हो’ अकरांत दहा वेळा खोटा! रोग जितका दुर्मीळ, तितका एकट्या साक्षीदारावर विश्वास कमी ठेवायचा. मोरांच्या जंगलात केका ऐकली तर मोर समजावा. उमरेडच्या बसस्टँडवर ऐकली, तर आधी पोरं कुठे बसलीत ते पाहावं.

जाता जाता एक जुनी गंमत. १८९० च्या सुमारास रशियातल्या पशुवैद्यांनी या जंतूच्या अर्कापासून मॅलीन नावाचं द्रव्य केलं. ते घोड्याच्या खालच्या पापणीत टोचायचं आणि एक-दोन दिवस वाट पाहायची. पापणी सुजली तर रोग. म्हणजे जी सूज संदिग्ध म्हणून छळत होती, तिच्याजागी आपणच एक सूज मागवून घ्यायची, जिचं कारण ठाऊक आहे. ब्रिटनने अशा चाचण्या आणि रोगी जनावरं मारणं यांच्या जोरावर १९२८ पर्यंत हा रोग देशातून घालवला.

चरकाने निदानाच्या पाच साधनांत ‘उपशय’ सांगितलाय. कारणं झाकलेली असतील तर एखादा आहार, औषध किंवा वागणूक देऊन पाहायची, बरं वाटतं की वाढतं यावरून रोग ओळखायचा. म्होरकी सोडणं, मान वर बांधणं, कोंडा बंद करणं हे उपशयच आहेत, आणि निरुपद्रवी आहेत. पण उपशयाला मर्यादा आहे. मेडिकलमधून आणलेलं अँटिबायोटिक डॉक्टर येण्याआधी टोचलं, तर ताप उतरतो, गाठ अर्धवट दबते, नमुन्यात जंतू सापडत नाही. नदीतली लाकडं आणि फेस आपणच काढून टाकले, आता पूर पावसाचा की धरणाचा, विचारणार कुणाला? सूज उतरवणं कारण कळण्याच्या आड येतं म्हणालो होतो, ते हे.

(श्रोत्यांतून प्रश्न : सर, घोडेवाल्याने खबर दिली तर घोडं जातं. मग तो खबर कशाला देईल?)

प्रश्न खरा आहे. कायद्याने रोगाचा संशय आला की गावातल्या अधिकाऱ्याला किंवा पंचायतीला कळवणं मालकावर बंधनकारक आहे, आणि मारलेल्या जनावराच्या भरपाईची तरतूदही आहे. ती पुरते का, हे आम्हांला विचारू नका, ज्याचं ठाण रिकामं झालं त्याला विचारा. पण आमच्या या तीन वर्षांच्या शिंगराचा हिशेब मांडा. आज आपण पाहिलेल्या कारणांपैकी घोडं मारावं लागतं असं कारण एकच, आणि तेच सर्वांत दुर्मीळ. भीतीने लपवलं तर त्याची दाढेची टेंगळं डागली जातील, कोंडा चालूच राहील, स्ट्रँगल्स शेजारच्या ठाणात जाईल. तेव्हा आज रात्री त्याने एवढं करावं: शिंगरू वेगळं बांधावं, त्याची बादली वेगळी ठेवावी, नाकातून येत असेल तर मुलांना लांब ठेवावं, म्होरकी सोडावी, ताप मोजून वेळेसह कागदावर लिहावा, कोंड्याच्या पोत्यातला मूठभर कोंडा पुडीत बांधून ठेवावा, आणि सकाळी दवाखाना उघडताना पशुधन विकास अधिकाऱ्यांसमोर तो कागद आणि ती पुडी घेऊन उभं राहावं.